अंगठ्याशी जुळवलेलं यंत्र

रामनगर,
सोमवार, ता. १८ नोव्हेंबर १९९६

सौ. रुक्मा हिस परशरामचा आशीर्वाद. तुझ्या आईला, काशीमामींना, दंडवत. म्हादूला रामराम. बाळीला पापा. तिचा पुढचा दात पडला म्हणे, तो कौलावर टाकलात ना?

इथं मी बरा आहे. गॅरेज चालू आहे. पाऊस गेला.

म्हादू, पत्र तूच वाचणार हे मला ठाऊक आहे. गुंदला तुमच्या सोप्यावर पत्र आलं की पोस्टमनचा चहा संपायच्या आत सगळं घर गोळा होतं, हे आठ वर्षं जावई म्हणून बघतोय. तेव्हा बाबा, सावकाश वाच. मामींच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. आणि बहिणीचा नवरा कसलं कोंबडीच्या पायानं लिहितो म्हणून हसू नको. हल्ली पेन हातात नीट बसत नाही. थंडीनं असेल.

दिवाळीत शेजारच्या फुलामावशीनं फराळ आणून दिला. तिच्या चकल्या नेहमीसारख्याच, हातोडा घेऊन बसावं अशा. ती म्हणाली, "परशू, माझं म्हायेर गुंदलाच हाय, मी जातीया. बायकोला काय निरोप देऊ?" मी म्हटलं, सांग, पोह्यांचा डबा मी घेतलाय. मावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. डबा खरंच घेतलाय, रुक्मा. त्याचं यंत्र केलंय. तेच सांगायला हे पत्र.

इंजिनात हवा आणि पेट्रोल कोंडून दाबलं जातं, आणि तो दाब चांगला असेल तरच गाडी घाट चढते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब गळतो. तो बघायची आमची रीत तुला ठाऊक आहे. प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि गाडीवाल्याला पुढून हँडल मारायला सांगायचं. हवा अंगठ्याला कशी हाणते त्यावरून ओळखायचं. आपल्या लग्नात वऱ्हाडाची जीप तिनईजवळ बंद पडली, तेव्हा मी मुंडावळ्या बांधलेल्या तशाच ठेवून अंगठा लावला होता. तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह गेलाय म्हणालो आणि उघडल्यावर तसंच निघालं. तुझे मामा चारचौघांत म्हणाले, पोरगीला नवरा न्हाई, डॉक्टर मिळाला. तेव्हापासून खानापूरपासून अनमोडपर्यंत लोक परशू मिस्त्रीचा अंगठा म्हणतात.

यंदा मात्र काय झालंय कळत नाही. गणपतीपासून बघतोय, येईल ते इंजिन ढिलं. पूर्वी अंगठा झणझणायचा, हात खांद्यापर्यंत हलायचा. आता हवा येते आणि जाते, जीवच नाही तिच्यात. मी लोकांना सांगतो, पेट्रोलमध्ये रॉकेल घालतात, सगळ्यांच्या रिंगा एकदम चालल्यात. ते ऐकत नाहीत. टेंपोवाला गोपाळ म्हणाला, "मिस्त्री, गाडी तर घोड्यावानी पळतीया, तुमचं आपलं कायतरीच." त्याच्याशी वाद घालून कंटाळलो. म्हटलं, आकडाच दाखवणारं काहीतरी पाहिजे, म्हणजे कुणाचं तोंड चालणार नाही.

माझ्याबरोबर आयटीआयला असलेला दत्तात्रय तुला आठवत असेल, बाळीच्या बारशाला रेडिओ घेऊन आला होता. तो आता बेळगावात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो. त्याला लिहिलं. तो म्हणाला, सोपं आहे, मायक्रोकंट्रोलर लावू. ही एक चिप असते, काळी, दोन्ही बाजूंनी मिळून चाळीस पायांची, गोमेसारखी. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी. तिच्यात काय करायचं ते एकदा लिहून ठेवलं की ती आपली आपण मोजते आणि आकडा दाखवते. चुकलं तर काच उन्हात ठेवायची, आठवडाभरात सगळं पुसून जातं आणि परत लिहिता येतं. दत्तात्रयनं दोनदा पुसून तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं.

बाकीचं सगळं माझं. जुन्या प्लगातली चिनीमाती फोडून काढली, उरलेल्या पितळी-लोखंडी बुडख्याला ग्रीसगनचा पाइप डाख लावून जोडला. पाइपात ट्यूबचा व्हॉल्व्ह घातला, म्हणजे शिरलेली हवा परत फिरत नाही. टोकाला भंगारातल्या ट्रकचा ऑइलचा दाब बघायचा बल्ब. तो दाबाप्रमाणं वीज कमीजास्त सोडतो, चिप ती मोजते, आणि तुझ्या पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर लाल आकडे पेटतात. इतके पौंड. बस्स. दत्तात्रयनं बेळगावात दाब मोजायच्या खऱ्या घड्याळाशी ते जुळवून घेतलं, आणि जुळवायचा जो बारका स्क्रू असतो त्यावर बायकोच्या नखांचा लाल रंग थेंबभर टाकून तो बंद केला. म्हणाला, "परशा, ह्याला हात लावू नकोस."

पण यंत्र चुकतंय. गोपाळचा टेंपो लावला, एकशे दहा दाखवलं. मी लगेच अंगठा लावून बघितला, त्याच्या निम्मं पण नसेल. दुसरी गाडी, तसंच. तिसरी, तसंच. वीस वर्षांचा अंगठा खोटा आणि पोह्यांचा डबा खरा, असं कसं म्हणायचं? काल लाल रंग खरवडला आणि स्क्रू फिरवून डबा अंगठ्याशी जुळवला. आता दोघं सारखंच बोलतात.

इथं सगळे विचारतात, रुक्मा कधी येणार. मी सांगतो, मामींची तब्येत बरी नाही. मामी, तुमची तब्येत धडधाकट असेल, पण जावयासाठी जरा खोका.

रुक्मा, तू मावशीकडून विचारलंस की तुझं काय चुकलं. काही चुकलं नाही. एवढंच लिहितो. बाळीला तिथल्या शाळेत बसवा.

परशराम


रामनगर,
मंगळवार, ता. २१ जानेवारी १९९७

सौ. रुक्मा हिस आशीर्वाद, काशीमामींना दंडवत, बाळीला पापा.

म्हादू हे पत्र वाचून दाखवील की चुलीत घालील, देव जाणे. घालणार असशील म्हादू, तर आधी एकदा मनात तरी वाच. तुझ्या जीपचं काय झालं ते तू घरी सांगितलंस तसं झालंच. मी कुठं नाही म्हणतोय? पण रुक्मानं माझ्या तोंडूनही ऐकावं.

संक्रांतीच्या आधी म्हादू जीप घेऊन आला. गाडी गुंदहून सुटताना चांगली असते, चढाला लागली की मरगळते, असं म्हणाला. आणि दुसरं काम तुझं होतं. ते आधी काढलं त्यानं. गॅरेजात फळीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाला, "दाजी, पाच म्हैनं झालं. बहीण माझी जड न्हाई मला. पर तिनं कुणाच्या तोंडाला तोंड द्यायचं? मारलंस म्हणावं तर मारलं न्हाईस. दुसरी ठेवलीस म्हणावं तर ती बी दिसत न्हाई. मग हाय तरी काय?"

मी म्हटलं, आधी गाडी बघू.

हे माझं चुकलं, रुक्मा. त्याचा चेहरा असा उतरला होता आणि मी पाना शोधत होतो. मला तेव्हा काही वाटत नव्हतं, खरंच सांगतो. हल्ली मला काही वाटतच नाही. सकाळी उठतो, शटर वर करतो, गाड्या येतात, गाड्या जातात. तू गेलीस त्या दिवशीही मी दुपारी एका स्कूटरचा क्लच बसवला होता आणि तो नीट बसला होता.

प्लग काढले. म्हादूनं हँडल मारलं. चारही नळकांड्यांवर अंगठा ठेवला, चारही मेलेली. मग डबा लावला, तो म्हणाला साठ, बासष्ट, साठ, अठ्ठावन्न. दोन साक्षीदार एकच सांगतायत म्हटल्यावर मी कशाला थांबतो? म्हटलं, म्हादू, रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल. तो म्हणाला, "तुझ्या अंगठ्यावर माझा इस्वास हाय, दाजी. उघड." रागावलेला माणूसही असं म्हणतो, बघ.

उघडलं. आत काहीच नव्हतं. रिंगा चांगल्या, नळकांडी आरशासारखी, व्हॉल्व्ह बसलेले. मी दोनदा पुसून बघितलं. मग सगळं परत जुळवायचं म्हणजे गॅस्केट पाहिजे, ते बेळगावहून यायला सहा दिवस, एकूण बारा दिवस त्याची गाडी माझ्या दारात उभी. गुंदची माणसं जोयड्याला चालत गेली, बाजाराच्या दिवशी बाया भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन गेल्या. बाराव्या दिवशी पेट्रोल भरायला टाकीचं झाकण काढलं, तर झाकणाच्या वाऱ्याच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. टाकीत वारा शिरत नव्हता म्हणून चढावर पेट्रोल येत नव्हतं. काडीनं टोकरलं आणि जीप चालू लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

म्हादू मग बोलला ते सगळ्या बाजारपेठेनं ऐकलं. "बहिणीला टाकलीस ती टाकलीस, आता माझ्या पोटावर बी उठलास व्हय? मुद्दाम केलंस हे!" मी मुद्दाम केलं नाही, म्हादू. पण मुद्दाम केलं नाही तर मग कसं झालं, हे मला सांगता येईना. तू जाताना म्हणालास, शिमग्याच्या आत येऊन रुक्माला ने, नाहीतर गावचे तंटे मिटवणाऱ्या बुधवंतापुढं चार जाणती माणसं बसवून मोकळं करू. ऐकलं मी. तुझं बरोबर आहे.

रुक्मा, मला तुला न्यायला येता येत नाही. नांदवायचं नाही असं नाही. येता येत नाही. ह्याच्या पुढं काही लिहिता येत नाही, कारण हे सोप्यावर वाचलं जाईल.

दत्तात्रयला बोलावलंय. यंत्रात बिघाड आहे, तो शोधू म्हणतो.

परशराम


रामनगर,
बुधवार, ता. ५ मार्च १९९७

रुक्मा,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. फुलामावशीच्या हाती देतोय, आणि तिला शपथ घातलीय की तुझ्याच हातात द्यायचं. तिला आत काय आहे ते माहीत नाही. तू चौथी झालेली, वाचायला वेळ लागेल. लागू दे. अक्षर मोठं काढलंय. पाणी आणायला म्हणून बाहेर पड, झऱ्यावर बस आणि एकटीनं वाच.

दत्तात्रय मागच्या महिन्यात रविवारी सकाळच्या बसनं आला. डबा उघडला आणि पहिलं काय बघितलं तर तो स्क्रू. "रंग कुणी काढला?" मी म्हटलं, मी. "कशाशी जुळवलास?" मी अंगठा दाखवला. तो असा हसला की पलीकडचा पानवाला बघायला आला. "नाचता येईना आणि अंगण वाकडं! अरे शहाण्या, डबा बरोबर होता." त्यानं बेळगावहून घड्याळ आणलं होतं, दोन्ही एकाच गाडीला लावून दाखवलं. स्क्रू जिथं त्यानं ठेवला होता तिथं परत नेला, तर दोघांचा आकडा एक. म्हणजे गणपतीपासून एकही इंजिन ढिलं नव्हतं. गोपाळचा टेंपो खरंच घोड्यासारखा होता.

मग एक तार सुटली होती ती डाखायला घेतली. मी तार धरली, तो डाखणीचा लोखंडी दांडा गरम करून लावत होता. तो बोलत होता, मी ऐकत होतो. आणि मला वास आला. कोंबडी भाजल्यावर पिसांचा येतो तसा. मी म्हटलं, काय जळतंय रे? त्यानं खाली बघितलं आणि ओरडला, "परशा, हात!" दांडा माझ्या अंगठ्यावर टेकला होता. कातडी पांढरी होऊन वर आली होती. मी बघत होतो आणि हात तिथंच होता, रुक्मा. मला कळलंच नाही.

त्यानं दांडा बाजूला ठेवला. मग म्हणाला, डोळे मीट. मी मिटले. म्हणाला, तारेचं टोक लावतो, लागलं की सांग. मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तेव्हा म्हटलं, लाव की. तो म्हणाला, "पाच वेळा लावलं."

आता मी तुला सांगतो ते मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, एक फिकट चट्टा दिसला होता. तू विचारलंस, मी म्हटलं नायटा आहे. तू कडुनिंबाचा पाला वाटून लावलास, आठवतं? पाला गार लागायला पाहिजे होता. चट्ट्याच्या कडेला गार लागला, मधे लागला नाही. त्याच दिवशी मला समजलं. त्याला आपल्याकडं काय म्हणतात ते तुला माहीत आहे. रगतपिती. महारोग. लिहिलं बघ.

मी तुला माझ्या लखूकाकाचं कधी सांगितलं नाही. आमच्या घरात त्याचं नाव काढत नव्हते. गावाकडं दिग्गीला आमच्या शेताच्या खाली ओढ्यापलीकडं त्याला खोपी घालून दिली होती. मी सात वर्षांचा असेन. रोज दुपारी आई केळीच्या पानावर भात द्यायची, तो मी ओढ्यातल्या सपाट दगडावर ठेवायचा. तो खोपीच्या दारातून ओरडायचा, "ठेव आन् पळ!" मला वाटायचं, काका खेळतोय माझ्याशी. मी पळायचो, तो हसायचा. एके दिवशी गेलो तर आदल्या दिवशीचा भात दगडावर तसाच होता, मुंग्या लागलेल्या. मी आजचा त्याच्या शेजारी ठेवला आणि पळालो. घरी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी बापाला वास आला.

चट्टा कळला तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. फक्त तो दगड. म्हणून मी ताट वेगळं केलं. म्हणून माझी वाकळ गॅरेजात नेली. तू विचारलंस, तुम्हाला माझा वीट आलाय का? आणि मी व्हय म्हटलं. माझ्या तोंडातून ते कसं निघालं, माझं मला माहीत. तुला नाही म्हटलं असतं तर तू गेली नसतीस, आणि मला तुम्हा दोघींना घालवायचं होतं, ह्या घरातून, ह्या हातापासून. खरं सांगितलं असतं तर म्हादूनं तुला नेलं असतंच, पण मग सगळ्या गावानं बाळीकडं बोट दाखवलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी मूठ झाकली आणि आतला अंगठा मरत गेला. यंत्र खोटं पाडलं, गोपाळला खोटं पाडलं, म्हादूची जीप फोडली, तुझा वीट आलाय असं खोटं सांगितलं. एवढं सगळं चालेल, पण अंगठा बधिर झालाय हे मनात म्हणायला नको होतं मला.

दत्तात्रय मला हाताला धरून बेळगावला घेऊन गेला. ह्याच हाताला. मी सोडवून घेत होतो, तो सोडेना. ज्या दवाखान्याचं नाव आपल्याकडं कुणी मोठ्यानं घेत नाही, तिथं. डॉक्टरीणबाई होती, मराठी बोलणारी, चष्म्यावाली. तिनं कापूस फिरवला, मनगटापाशी शीर चाचपली, ती दोरीसारखी जाड झालीय. मग तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हातमोजे न घालता, आणि म्हणाली, गोळ्या आहेत, सरकार फुकट देतं, सहा महिने घ्यायच्या, रोग बरा होतो. पहिली गोळी घेतली की दुसऱ्याला लागायची भीती जवळपास जाते. मुळात शंभरांतल्या पंचाण्णवांना तो लागतच नाही. मी विचारलं, मग बायको-पोरीला घालवलं ते? ती म्हणाली, "कशाला घालवलंत? काही गरज नव्हती."

काही गरज नव्हती. हे मी तुला कसं सांगणार होतो? बसमध्ये खिडकीशी बसून हेच तीन शब्द खानापूरपर्यंत म्हणत आलो.

पहिली मोठी गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी लघवी लालभडक. मला वाटलं, झालं, संपलो. फोन लावला तर दत्तात्रय म्हणाला, गोळीचाच रंग आहे, घाबरटा. आता एक महिना होत आला. रोग जाईल. अंगठ्यातला जीव परत येईल का, हे मात्र बाई नक्की सांगत नाही. यंत्र केलं होतं लोकांची तोंडं बंद करायला, आता मला ते खरंच लागतं. गाडी आली की डबा लावतो आणि तो सांगेल ते ऐकतो.

आता खरं काम. हे पत्र मी माफीसाठी लिहिलं नाही. माफी मागायची आहे, पण ती पत्रात मावणार नाही. बाई म्हणाली की घरातल्या सगळ्यांना तपासायला पाहिजे. पहिल्यानं मी म्हटलं, घरात कुणी नाही. तिनं कागदावर टेकवलेलं पेन उचललं नाही. मग मी तुमची दोघींची नावं सांगितली. त्या कागदावर तुमची नावं आहेत, रुक्मा. गप्प बसलो असतो तर तुला कधी कळलं नसतं, बुधवंतानं आपलं मोकळं केलं असतं, आणि माझी इज्जत राहिली असती. पण बाळीच्या पाठीवर उद्या काही उठलं आणि तुम्ही नायटा म्हणून पाला लावत बसलात, तर मी लखूकाकाच्या भाताशेजारी दुसरा भात ठेवून पळाल्यासारखं होईल.

म्हणून असं कर. तिला आंघोळ घालताना उजेडात नीट बघ. पाठ, मांड्या, दंड, गाल. फिकट किंवा तांबूस डाग दिसला तर तिला डोळे मिटायला सांग आणि कापसाचं टोक लाव, कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांग. खेळ म्हणून कर, ती घाबरणार नाही. मग तिला तुझ्या अंगावर तसंच करायला सांग. काही दिसो किंवा न दिसो, पुढच्या बुधवारी, बारा तारखेला, दोघी रामनगरला या. इथल्या सरकारी दवाखान्यात त्या दिवशी तपासणारा माणूस येतो. भला आहे, नाव मोठ्यानं पुकारत नाही. मी सांगून ठेवलंय.

म्हादूला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगितलंस तर मी तुला दोष देणार नाही. त्याला जीपचं खरं कारण कळेल, तेवढं तरी त्याचं आहे. शिमग्याला बुधवंतापुढं बसायचं ठरलं, तर मी येईन आणि जे असेल ते सगळ्यांसमोर बोलेन. तुझी चूक नव्हती हे तेव्हा चारचौघांनी ऐकायला पाहिजे. तपासून झाल्यावर घराकडं यायचं की परत गुंदची बस धरायची, तेही तूच ठरव. मी दवाखान्यासमोर पिंपळाखाली उभा असेन. तू हाक मारल्याशिवाय जवळ येणार नाही.

मला तू पाहिजेस, रुक्मा. बाळी पाहिजे. हे मी आठ वर्षांत बोललो नव्हतो, कारण तू घरातच होतीस.

आणि एक. तुम्ही गेलात त्या दिवशी बस सुटताना बाळी खिडकीतून रडत होती, आणि तू मला म्हणालीस, "बघा तरी तिच्याकडं, दगड हाय काय तुम्ही?" मी तोंड फिरवून उभा होतो, उजवा हात खिडकीच्या गजावर. बस हलली, हात बसबरोबर खेचला गेला, तेव्हा मी बघितलं. तिनं माझा अंगठा धरला होता, अख्ख्या मुठीत. कधीपासून धरला होता ते मला माहीत नाही. मी बघितलं तोवर तिची मूठ सुटली होती. तिला वाटलं असेल, बानं हात काढून घेतला. तिला सांग, बानं काढून घेतला न्हाई. बाला कळलंच न्हाई की तू धरलायस.

तुम्हा दोघींचा,
परशराम